दोन वाट्यांची सळई

आमच्या कॉलेजात मेकॅनिकलच्या पोरांना एक विषय आहे. लोखंड किती ओढलं की ताणतं, किती पिळलं की हार मानतं, कुठल्या दांड्याला किती भार झेपतो, याची गणितं करायची. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स. पोरं 'एसओएम' म्हणतात आणि दर सहामाहीला त्याच्या नावानं बोटं मोडतात. मी त्या विभागाची स्टोअरकीपर. सत्तावीस वर्षं झाली. मला त्यातलं एक गणित येत नाही, पण ती गणितं शिकवणारी माणसं मी आतून-बाहेरून ओळखते, आणि मला त्यांचा वीट आलाय. त्यात मी स्वतःलाही धरते. का, ते कळेलच.

सांगायचंय ते मानमोडे काकांबद्दल. मानमोडे हे आडनाव नव्हे, पोरांनी ठेवलेलं नाव. त्या विषयाच्या लॅबमध्ये एक मोठं यंत्र आहे. सळई त्याच्या जबड्यांत धरायची आणि दोन्हीकडून ओढायची. आधी बराच वेळ काहीच दिसत नाही, नुसता काटा चढत राहतो. मग सळई एके जागी बारीक व्हायला लागते. त्याला मान पडणं म्हणतात. आणि मग धाडकन आवाज होऊन त्या मानेतच ती तुटते. हे काम काकांचं, म्हणून मानमोडे. ते कधी चिडले नाहीत. रजेच्या अर्जावर एका नव्या मास्तरांनी तेच आडनाव लिहिलं, तेव्हा गालातल्या गालात हसले होते.

बावीस वर्षांचे होते तेव्हा फिटर म्हणून लागले. शिक्षण नववी. यंत्र खोक्यांतून आलं होतं आणि ते जोडायला कंपनीचा जो माणूस आला, तो तिसऱ्या दिवशी ताप घेऊन घरी गेला. उरलेलं काकांनी एकट्यानं जोडलं, चित्रं बघून. पहिली बरीच वर्षं प्रत्येक तुकडीसमोर ते खरीखुरी सळई तोडायचे. तोडायच्या आधी सळईवर पंचानं दोन खुणा करायच्या, बरोबर साठ मिलिमीटरवर. तुटल्यावर दोन तुकडे पुन्हा एकमेकांना लावून खुणांमधलं अंतर मोजायचं. एका तुकड्याच्या टोकाला छोटी वाटी झालेली असते, दुसऱ्याच्या टोकाला शंकू, आणि शंकू वाटीत झकास बसतो. मग त्या आकड्यांवरून पोरांनी गणितं करायची, सळई किती टक्के ताणली, किती जोर सोसला. परीक्षेत निम्मे मार्क असल्या गणितांनाच.

काकांचं घर दोन खोल्यांचं. दारं अशी बसवलेली की एका बोटानं लागतात. मी त्यांच्या बायकोला वहिनी म्हणते. वहिनी सांगायच्या की घरी ह्या माणसानं जीव खाल्लाय. शेजाऱ्यांच्या जिन्याचा कठडा कच्चा आहे, भावाच्या गेटचं बिजागर उलटं लावलंय, बँकेतल्या खुर्चीचा जोड सुटणार आहे, जिथे जातील तिथे चुका काढायच्या आणि लोकांना तोंडावर सांगायच्या. जावयाशी ह्यावरून वर्षभर अबोला होता. मी ऐकून हसायचे. कारण लॅबमध्ये हाच माणूस तोंडाला कुलूप लावून बसायचा.

ते कुलूप लागलं नवे विभागप्रमुख आल्यावर. आम्ही त्यांना साहेब म्हणतो. साहेबांचं म्हणणं असं पडलं की चांगल्या सळया फुकट मोडायच्या कशाला. आधी ठरलं, तुकडीमागे एकच. मग वर्षातून एकच. मग तीही नाही, जुने तुकडे आहेत ना, तेच मोजा. पण सळयांची मागणी यादीत होती, ती कोण खोडतो? दरवर्षी बारा सळया येत राहिल्या आणि मी दरवर्षी 'चाचणीत खर्च' असं लिहून सही करत राहिले. खर्च कुठे झाल्या विचाराल, तर साहेबांच्या बाथरूममध्ये टॉवेलचा दांडा आहे तो, एका मॅडमच्या गॅलरीत कुंड्यांचं स्टँड आहे ते. माझ्या घरी कपडे वाळत घालायला दोन आहेत, आणि स्टोअरच्या खिडकीला पडदा आहे त्याचा दांडाही तोच. मी काही धुतल्या तांदळासारखी नाही.

तर एका पत्र्याच्या पेटीत तुटक्या सळईचे दोन तुकडे, आणि एकोणीस वर्षं दर तुकडीनं तेच 'मोजले'. मोजले म्हणजे काय, हातात घेतले, टेबलावर ठेवले, चहाला गेले. हात लागून लागून ते तुकडे गुळगुळीत झाले होते. आकडे तयारच असायचे. मोठ्या वर्गातल्या पोरांची जर्नलं खालच्या वर्गात यायची आणि सगळे तेच उतरवायचे : आधीचं अंतर साठ, नंतरचं अठ्ठ्याहत्तर, वाढ तीस टक्के, तुटण्याचा प्रकार वाटी आणि शंकू. शेजारी आकृती, तीसुद्धा खिडकीच्या काचेवर कागद धरून गिरवलेली. साठ जर्नलांत एकसारखी चूक असायची, शंकूचं टोक जरासं डावीकडे, कारण कधीतरी कुणाचा तरी हात हलला होता. साहेब लाल पेनानं सही ठोकायचे. एकाही मास्तराला काही वाटायचं नाही. गठ्ठे माझ्या कपाटात ठेवायला यायचे तेव्हा मला शिसारी यायची, आणि मी ते ठेवून घ्यायचे.

गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षात एक मुलगी आली. डिप्लोमा करून थेट, तेही दीड महिना उशिरा. पोरांनी तिचं नाव 'लेट' ठेवलं. अबोल, कपाळावर कायम आठी. वडिलांचं लेथचं दुकान होतं आणि सकाळी दोन तास ती तिथे काम करून कॉलेजला यायची, नखांत काळं तेल असायचं. तिला कुणी जर्नल दिलं नाही. दिलं नाही म्हणजे कुणी मुद्दाम नाही म्हटलं असंही नाही, सगळ्यांची वाटणी होऊन गेली होती, बस.

त्या दिवशी मी व्हर्निअरच्या मापपट्ट्या मोजून परत घ्यायला लॅबमध्ये होते. बाकीचे पांगले होते. ही एकटी त्या दोन तुकड्यांवर वाकलेली. तिनं ते जोडले, व्हर्निअर लावला, पुन्हा लावला, पुन्हा लावला. मग काकांना हाक मारून म्हणाली की अंतर साडेएकाहत्तर येतंय आणि तुकडे नीट बसत नाहीत, दोन्हीकडे वाटीच आहे. काका यंत्राचं तेल पुसत होते. त्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं. म्हणाले, जे दिसतंय ते लिही. आणि पुसत राहिले. तिनं लिहिलं. साडेएकाहत्तर, वाढ एकोणीस टक्के, आणि आकृतीत दोन वाट्या, समोरासमोर. साहेबांनी त्यावरही लाल सही ठोकली, न बघता.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. गृहस्थ दिवसाला दोन दोन कॉलेजं उरकणारे. जर्नलं पत्त्यांसारखी पिसत होते आणि हिच्यावर थबकले. आधी तोंडी विचारलं. बारा मिलिमीटरची सळई, अठ्ठेचाळीस हजार न्यूटन जास्तीत जास्त भार, ताण किती? तिनं कागदावर दोन ओळी केल्या आणि चारशे चोवीस सांगितलं. बरोबर होतं. पण परीक्षकांचं बोट त्या दोन वाट्यांवर. असं कधी होत नाही, ते म्हणाले, ही थट्टा आहे किंवा तू प्रयोगाला हजरच नव्हतीस. ती म्हणाली, तुकडे त्या पेटीत आहेत सर, बघा ना. पेटी त्यांच्या खुर्चीपासून तीन पावलांवर होती. तो माणूस उठला नाही. जर्नल खोटं, असं म्हणून त्यांनी तिच्या नावापुढे पेन्सिलीनं नापास लिहिलं. त्यावर शाई फिरायची ती दुपारी चारला, सगळ्यांची एकदम.

ती व्हर्निअर परत द्यायला माझ्याकडे आली आणि तिचं ऐकून माझं टाळकंच फिरलं. रडली नाही. तिनं सांगितलं ते एवढंच, की बाबांनी आधीच बजावलंय, एक विषय जरी राहिला तरी कॉलेज बंद, कायमचं लेथवर बसायचं. आणि बाबा बोललेलं फिरवत नाहीत. मग ती बाहेर बाकावर जाऊन बसली.

मी तडक काकांकडे गेले. ते लॅबच्या मागच्या खोलीत स्टुलावर बसले होते, हातात डबा, उघडलेला नाही. मी तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, ती पोरगी तुमच्यासमोर मोजत होती, तुम्ही जाऊन सांगत का नाही? ते म्हणाले, रिटायर व्हायला पाच महिने राहिलेत. इतका राग आला मला. जगाच्या बिजागऱ्यांवर बोट ठेवणारा माणूस, आणि इथे पाच महिने मोजत बसलाय. मी म्हटलं, वहिनींना सांगू का हे? त्यांनी डबा खाली ठेवला. मग विचारलं, "सळई आहे का एखादी?"

कागदावर यंदाच्या अकरा अजून शिल्लक होत्या. रॅकमध्ये एकही नव्हती. ते तोंडानं सांगायची वेळ माझ्यावर आली आणि मला माझीच किळस आली. मग मी स्टोअरमध्ये जाऊन स्टुलावर चढले, पडदा ओढून खाली टाकला आणि दांडा काढून त्यांच्या हातात दिला.

काकांनी तो करवतीनं कापला, काचपेपरनं घासला, दोन खुणा पंच केल्या. यंत्र सुरू केलं तेव्हा ते असं कण्हलं की वरच्या मजल्यावरचे लोक खिडकीत आले. पंपाला कुठूनतरी तेल गळत होतं. काटा मात्र चढला. साहेब धावत आले, परीक्षक हातात चहाचा कप घेऊन आले, दारात पोरांची गर्दी झाली, आणि त्या गर्दीत मागे ती मुलगी. दुसरं वर्ष, तिसरं वर्ष, चौथं वर्ष, इतकी पोरं होती तिथे, आणि सळईला मान पडताना त्यांतल्या एकानंही कधी पाहिलं नव्हतं. साहेब विचारत होते कुणाच्या परवानगीनं. तेवढ्यात धाडकन आवाज झाला आणि परीक्षकांच्या शर्टावर चहा सांडला.

काकांनी तुकडे काढले. एक वाटी, एक शंकू. जोडून मोजले, सत्त्याहत्तर. परीक्षकांनी स्वतः मोजून खात्री केली. आणि मग तो शहाणा माणूस काय म्हणाला असेल? म्हणाला, बघा, सत्त्याहत्तर, म्हणजे बाकीच्यांचं अठ्ठ्याहत्तर रास्तच आहे आणि हिचं साफ चूक. साहेबांनी मान डोलावली. मला दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली.

काकांनी पेटी उघडली. जुने दोन तुकडे नव्या दोन तुकड्यांशेजारी ठेवले. त्यांचा आवाज कधी नव्हे तो चढला होता.

"हे दोन एका सळईचे नाहीतच साहेब. लॅब वरच्या मजल्यावरून खाली आणली तेव्हा सगळ्या जुन्या तुकड्यांची पेटी सांडली, मी उचलताना भलतीच जोडी लावली. हे कधी एकमेकांत बसलेच नाहीत. पोरीनं समोर होतं ते मोजलं."

परीक्षकांनी विचारलं, हे तुमच्या लक्षात कधी आलं. काका म्हणाले, "दुसऱ्या दिवशी. एकोणीस वर्षांपूर्वी."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. परीक्षकांनी शेवटी तुकडे हातात घेतले, दोन वाट्या एकमेकींना लावून पाहिल्या आणि खाली ठेवल्या. मग त्यांनी जे विचारलं ते साहेबांकडे बघून, हळू आवाजात. हिचं खरं धरलं तर बाकीच्या एकोणसाठ जणांचं काय करायचं? साहेब त्यांना केबिनमध्ये घेऊन गेले आणि दार लावलं. दहा मिनिटांनी बाहेर आले, दोघंही हसत, शर्टावरचा डाग ओल्या रुमालानं पुसून झाला होता.

निकाल असा लागला. एकोणसाठ पोरांना पंचवीसपैकी बावीस, तेवीस, जसे ठरलेले तसे. तिला दहा. पास व्हायला दहाच लागतात. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'आकृती अस्वच्छ'. मी ते वाचलं आणि खरोखर तोंडात कडू पाणी आलं. काकांना आठवड्यात मेमो मिळाला, विनापरवानगी यंत्र चालवलं आणि एक सळई नष्ट केली म्हणून. बाकीच्या सळया कुठे गेल्या असं कुणी विचारलं नाही, आणि मी सुटले म्हणून मला हायसं वाटलं. हेही सांगून टाकते.

पण काका खूश होते. मेमो खिशात घालून हिंडत होते. चारचौघांत बोलायला लागले, पोरांना थांबवून सळई कशी तुटते ते सांगायला लागले. वहिनी म्हणाल्या, घरी आता चुका काढणं कमी झालंय, नीट जेवतात. मलाही बरं वाटलं. वाटलं, चला, उशिरा का होईना, माणूस बोलला.

पुढची सहामाही सुरू झाली त्या आठवड्यात काका माझ्या स्टोअरमध्ये बसले होते, हत्यारं जमा करायला. ती मुलगी आली. काकांचा चेहरा फुलला. त्यांनी तिला स्टूल दिलं आणि मनात साठवलेलं सगळं बोलून टाकलं. की पहिली दोन वर्षं त्यांना चुकीची लाज वाटायची. मग वाटलं, मास्तर नाही तर नाही, एखादं पोर तरी मोजेल आणि येऊन विचारेल. दरवर्षी तुकडे टेबलावर ठेवायचे आणि लांबून बघत राहायचे. एकोणीस वर्षांत हजारभर पोरं गेली. "तू एकटी निघालीस," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

ती ऐकत होती. आठी तशीच. मग तिनं विचारलं, मी तुम्हाला हाक मारली, दोन वाट्या आहेत म्हणाले, तेव्हा तुम्हाला माहीत होतं? काका म्हणाले, हो तर.

"मग तेव्हाच सांगायचं होतं ना काका. मी अठ्ठ्याहत्तर लिहिलं असतं. मला तेवीस पडले असते. माझ्याकडे जर्नल नव्हतं, म्हणून मोजलं मी."

ती रागानं बोलत नव्हती, तेच वाईट होतं. म्हणाली, तुम्ही एकोणीस वर्षं वाट बघत होतात ती माझ्या जिवावर बघितलीत, आणि त्या दिवशी बाकावर बसून मी घरी काय सांगायचं ते ठरवत होते. मग ती माझ्याकडे वळली. विचारलं, ह्या सहामाहीच्या विषयाचं, मोठ्या वर्गातल्या कुणाचं तरी, जुनं जर्नल तुमच्या कपाटात असेल का.

होतं. गठ्ठेच्या गठ्ठे होते. मी काकांकडे बघितलं नाही. किल्ली लावली, कपाट उघडलं आणि त्यातल्या त्यात सुवाच्य अक्षराचं एक काढून तिला दिलं. काका पान्हे मोजायला लागले, आणि मोजता मोजता चुकून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. ती जर्नल दप्तरात घालून गेली. त्या सहामाहीला तिला पंचवीसपैकी तेवीस मिळाले.